पाणटिवळा : ठाणे खाडीच्या चिखलावर हिवाळा काढणारा पाहुणा

बाळकुम (ठाणे) : बाळकुम नाक्यावरून भिवंडीकडे निघालं की कशेळीचा पूल लागतो. ओहोटीची वेळ असेल तर पुलाखाली पाण्याच्या कडेला काळा-करडा चिखल उघडा पडलेला दिसतो. गाडीवरून जाणारा माणूस नाकाला रुमाल लावून पुढे जातो. त्या चिखलात बघण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटत नाही. पण ठाणे खाडीच्या अशाच चिखलावर दरवर्षी हिवाळा काढायला हजारो किलोमीटरवरून एक पक्षी येतो. पाणटिवळा त्याचं नाव. जगातली त्याची संख्या घटत चालली आहे आणि 2006 पासून तो 'संकटसमीप' म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावरच्या पक्ष्यांच्या यादीत आहे.

पूर्ण नाव काळ्या शेपटीचा पाणटिवळा. पक्षीनिरीक्षक मंडळी त्याला ब्लॅक-टेल्ड गॉडविट म्हणतात. शास्त्रीय नाव लिमोसा लिमोसा. लॅटिनमध्ये लिमोसा म्हणजे चिखलातली. नाव ठेवणाऱ्याने पक्षी बरोबर ओळखला होता, कारण चिखल गेला की हा पक्षी गेला.

कसा ओळखायचा

आकाराने गावठी कोंबडीपेक्षा बराच लहान, वजन साधारण 300 ग्रॅम, पण पाय आणि चोच लांब असल्याने उभा राहिला की मोठा वाटतो. चोच साधारण चार इंचाची, सरळ, बुडाला गुलाबी आणि टोकाला काळसर. हिवाळ्यात अंग राखाडी-तपकिरी असतं, चटकन डोळ्यात भरत नाही. उडाला की मात्र खूण पटते. पंखावर ठळक पांढरा पट्टा, शेपटीच्या बुडाला पांढरं आणि टोकाला काळं. पाय शेपटीच्या मागे लोंबत असतात. मार्च-एप्रिलमध्ये, परत जायच्या आधी, मान आणि छाती विटकरी होऊ लागते. मादी नरापेक्षा थोडी मोठी आणि तिची चोचही जास्त लांब.

आपल्याकडे घोटाळा होतो तो शेकाट्याबरोबर. शेकाट्या गावतळ्यात, गटाराच्या पाण्यातही दिसतो. त्याचे पाय काडीसारखे लालसर-गुलाबी, पाठ काळी, पोट पांढरंशुभ्र आणि चोच सुईसारखी बारीक काळी. दुसरा गोंधळ कोरलचा. कोरल म्हणजे कर्ल्यू, त्याची चोच विळ्यासारखी खाली वाकलेली असते. तोही संकटसमीप यादीतच आहे. पाणटिवळ्याची चोच सरळ, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ऑगस्ट-सप्टेंबरपासून तो आपल्याकडे यायला लागतो आणि एप्रिलपर्यंत राहतो. काही कोवळे पक्षी, ज्यांचं अजून अंडी घालायचं वय झालेलं नाही, ते उन्हाळाही इथेच काढतात. फक्त खाडीतच असतो असंही नाही. उजनी धरणाच्या पाणलोटात भिगवणला तो दिसतो, नाशिकच्या नांदूर मधमेश्वरला दिसतो. पाणी पसरट असावं, तळाशी मऊ गाळ असावा, एवढीच त्याची अट. भाताच्या ओल्या शेतातही तो उतरतो, खाली पडलेले दाणे आणि मातीतले किडे खातो. उभ्या पिकाची नासधूस करणारा पक्षी हा नव्हे. कापणी झालेल्या, पाणी साचलेल्या खाचरात लांब चोचीचे पक्षी दिसले तर ते पीक खायला आलेत असं समजून फटाके लावू नयेत.

चिखलात काय आहे

खाडीचा चिखल वरून मेलेला दिसतो, पण त्यात कुदळभर खाली बारीक किडे, गांडुळासारखे समुद्री किडे, छोट्या शिंपल्या, गोगलगायी, खेकड्यांची पिल्लं खच्चून भरलेली असतात. निवट्या पकडणाऱ्याला, शिंपल्या वेचणाऱ्या बाईला हे सांगायची गरज नाही. पाणटिवळा चोच बुडापर्यंत खुपसतो, कधी कधी डोळ्यापर्यंत तोंड चिखलात असतं. चोचीचं टोक संवेदनशील असतं, आणि आख्खी चोच न उघडता फक्त टोक उघडता येतं. त्यामुळे न दिसणारा किडा तो चिखलातच चिमटीत धरतो.

प्रत्येक पक्ष्याचा चिखलातला थर वेगळा. छोट्या टिलव्यांना वरचा पातळ थर पुरतो, पाणटिवळा मधल्या थरात जातो, कोरल त्याहून खोल. म्हणून एकाच चिखलावर पाच-सहा जातीचे पक्षी शेजारी शेजारी चरतात आणि भांडण कमी होतं.

आता भरती-ओहोटीचं गणित. चोवीस तासांत दोन भरत्या, दोन ओहोट्या, रोज साधारण पाऊण तासाने वेळ पुढे. चिखल उघडा असेल तेवढ्या वेळातच पक्ष्याला पोट भरायचं, मग रात्र असो की दिवस. भरती आली की चिखल बुडतो. भांगाच्या दिवसांत थोडी कडा तरी शिल्लक राहते, पण अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला सगळं पाण्याखाली जातं. तेव्हा हजारो पक्ष्यांना कुठेतरी कोरड्या, उघड्या, कुत्री आणि माणसं नसलेल्या जागी चार-पाच तास उभं राहावं लागतं. तिवरांच्या झाडावर ते बसू शकत नाहीत, त्यांचे पाय फांदी धरण्यासाठी नाहीत. मग ही जागा कोणती? मिठागरं, जुन्या खारजमिनी, बांध घातलेल्या उथळ पाणथळी. पक्षीवाले याला भरतीचा विसावा म्हणतात.

पाणटिवळ्याचं सगळं दुखणं या दोन जागांत आहे. चरायची जागा आणि विसाव्याची जागा. एक वाचवली आणि दुसरी गेली तर उपयोग शून्य. विसाव्याची जागा लांब गेली की रोज दोनदा जादा उडावं लागतं, आणि जाताना प्रवासासाठी साठवायची चरबी त्यातच जळून जाते. दोन्ही जागांची सरकारी कागदावर ओळख काय? एक 'दलदल' आणि दुसरी 'पडीक'. त्यामुळे पहिला भराव तिथेच पडतो.

बाळकुम आणि खाली खाडी

बाळकुमचं ठिकाण नकाशावर पाहण्यासारखं आहे. कल्याणकडून येणारी उल्हास नदी इथून पुढे कोलशेत, गायमुखवरून वसईच्या खाडीला जाते, आणि तिचाच एक अरुंद फाटा साकेत-कळव्याच्या बाजूने दक्षिणेला वळून ठाणे खाडी होतो. ही खाडी साधारण 26 किलोमीटर लांब. वरच्या तोंडाला ती चिंचोळी आहे, ऐरोलीच्या पुढे रुंद होते आणि ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. पाणटिवळ्याचे मोठे थवे त्या खालच्या भागात, ऐरोली, मुलुंड, भांडुप, वाशी या पट्ट्यात असतात.

मग बाळकुमकरांचा संबंध काय, असं कुणी म्हणेल. संबंध पाण्याचा आहे. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथकडचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी उल्हास नदीत येतं. भरती-ओहोटीबरोबर ते खाडीत मागे-पुढे फिरत राहतं, आणि त्यात ठाणे शहराची, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याची भर पडते. खाडीचं वरचं तोंड भरावाने आवळलं की पाण्याचा जोर कमी होतो, गाळ खाली साचतो. खालच्या चिखलाची तब्येत वरच्या गावांवर ठरते.

गाळाचा आणखी एक परिणाम आहे आणि तो सहसा बोलला जात नाही. गाळ साचून चिखल उंच झाला की त्यावर तिवरं येतात. तिवरं वाढली ही चांगली गोष्ट, ती किनारा सांभाळतात, मासळीची पिल्लं सांभाळतात. पण उघड्या चिखलावर झाडी आली की तिथे पाणटिवळा चरू शकत नाही, त्याला मोकळं मैदान लागतं. म्हणून चिखल दिसला की रोपं लावायची, फोटो काढायचे, ही पद्धत पक्ष्यांच्या फायद्याची नाही. तिवर तोडलेल्या जागी तिवर लावावं. जिथे मुळात उघडा चिखल आहे तिथे तो उघडाच ठेवावा.

कायद्याचं संरक्षण किती

ठाणे खाडीला आज कागदावर बऱ्यापैकी संरक्षण आहे. ऑगस्ट 2015 मध्ये राज्य सरकारने ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र सुमारे 1,690 हेक्टर, त्यात साधारण 896 हेक्टर कांदळवन आणि 794 हेक्टर पाणी-चिखल. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला हा पश्चिमेकडचा भाग. ऑक्टोबर 2021 मध्ये त्याच्या भोवती सुमारे 48 चौरस किलोमीटरचा पर्यावरण संवेदनशील पट्टा जाहीर झाला. 2022 मध्ये हे दोन्ही मिळून सुमारे 6,521 हेक्टर क्षेत्र 'रामसर' यादीत गेलं. रामसर हे इराणमधलं गाव. तिथे 1971 साली पाणथळ जागांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून हे नाव. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरची ही तिसरी रामसर जागा. ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून बोटीने खाडी दाखवतात.

अभयारण्याचं नाव फ्लेमिंगोचं आहे. फ्लेमिंगो गुलाबी, उंच, फोटोत छान येतो. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरला उतरत्या विमानाच्या धडकेत जवळपास 40 फ्लेमिंगो मेले तेव्हा देशभर बातमी झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण त्याच चिखलावरचा राखाडी पाणटिवळा कमी झाला तर बातमी होत नाही. खरं तर अभयारण्याची जास्त गरज त्यालाच आहे. फ्लेमिंगो उथळ पाण्यात तरंगणारं बारीक शेवाळ आणि जीव गाळून खातो, घाण पाण्यातही त्याचं काही काळ भागतं. पाणटिवळ्याला जिवंत, मऊ चिखलच लागतो.

तिवरांबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा आहे. 2005 साली न्यायालयाने राज्यात तिवरांची तोड आणि त्यांच्यापासून 50 मीटरच्या आत बांधकाम, भराव याला मनाई केली. सप्टेंबर 2018 च्या निकालाने ती कायम झाली. जमीन सरकारी असो की खासगी, मालकी कुणाचीही असो. सार्वजनिक कामासाठी तिवरं तोडायची तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. देखरेखीला कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे. त्यामुळे 'माझ्या सातबाऱ्यावर आहे, मी भराव टाकीन' हे म्हणणं चालत नाही. मात्र या निकालात तिवर वाचतं. तिवर नसलेला उघडा चिखल आणि मिठागर यांना तेवढं कवच नाही, आणि पाणटिवळा तिथेच असतो.

मिठागरांची गोष्ट तर डोळ्यांदेखत चालू आहे. 2024 मध्ये कांजूर, भांडुप, मुलुंड पट्ट्यातली सुमारे 256 एकर मिठागराची जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी देण्याचा निर्णय झाला. इकडे घोडबंदर रोडची कोंडी फोडायला बाळकुम ते गायमुख असा सुमारे 13 किलोमीटरचा खाडीकिनारी रस्ता आखलेला आहे. रोज दोन-दोन तास कोंडीत अडकणाऱ्या माणसाला रस्ता नको म्हणून सांगणं सोपं नाही, आणि घर नसलेल्याला घर नको म्हणणंही नाही. पण भराव किती, पूल किती, पाणी जायला मोऱ्या कुठे, हे प्रश्न किनाऱ्यावरच्या गावांनी सुनावणीत विचारायचे असतात. रस्ता खांबांवर गेला तर खालून भरती-ओहोटी चालू राहते. भरावावर गेला तर आतली खाचरं आणि चिखल कायमचे तुटतात, आणि पावसाळ्यात गावात पाणी तुंबतं ते वेगळंच.

तिकडे, जिथे तो अंडी घालतो

पाणटिवळा अंडी आपल्याकडे घालत नाही. त्याची वीण युरोपपासून कझाकस्तान, सायबेरियापर्यंतच्या ओल्या गवताळ कुरणांत होते. जमिनीवरच गवतात घरटं, बहुतेक वेळा चार अंडी, तीन-साडेतीन आठवडे उबवणी. पिल्लं बाहेर पडली की त्याच दिवशी चालू लागतात आणि स्वतः किडे टिपतात. उडायला महिनाभर लागतो, तोवर गवत हाच त्यांचा आडोसा.

नेदरलँड्समध्ये याला राष्ट्रीय पक्षी मानतात, 2015 मध्ये लोकांनी मत देऊन निवडलेला. आणि तिथेच त्याची सगळ्यात वाईट पडझड झाली. 1960-70 च्या सुमारास तिथे सव्वा लाखाच्या आसपास जोड्या होत्या, आता त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास उरल्या आहेत. कारण शिकार नाही, शेती. दुधाचा धंदा वाढला, कुरणातलं पाणी चर खणून काढलं, खत घालून गवत लवकर वाढवलं आणि यंत्राने पूर्वीपेक्षा कितीतरी आधी कापणी सुरू झाली. पिल्लं उडायच्या आतच कुरण साफ. वर दाट एकसारख्या गवतात किडे कमी, आणि उघड्यावर पडलेलं पिल्लू कोल्ह्या-घारीला आयतं.

आता तिथे काही शेतकऱ्यांना जूनच्या मध्यापर्यंत गवत न कापण्यासाठी आणि कुरणात थोडं पाणी ठेवण्यासाठी पैसे दिले जातात. जिथे पाणी आणि उशिरा कापणी दोन्ही पाळलं तिथे बरा फरक दिसतो, नुसत्या उशिरा कापणीने फारसं भागत नाही. शेतकऱ्याचं नुकसान भरून दिल्याशिवाय पक्षी वाचत नाही, हे तिथल्या सरकारने मान्य केलं आहे. आपल्याकडे खाचरात पाणी ठेवण्याबद्दल किंवा मिठागर चालू ठेवण्याबद्दल असा विचार अजून झालेला नाही.

आइसलँडचे पाणटिवळे मात्र गेल्या शतकात वाढले. त्यांच्याबद्दल एक गंमत शास्त्रज्ञांनी नोंदली आहे. नर-मादी हिवाळ्यात वेगवेगळ्या ठिकाणी, सरासरी हजार किलोमीटर अंतरावर राहतात, तरी वसंतात जुन्या जागी जोडीदार साधारण तीन दिवसांच्या फरकाने हजर होतात. ज्याला उशीर झाला त्याचा जोडीदार दुसरं घर मांडतो.

फ्रान्समध्ये 2008 पासून याच्या शिकारीला बंदी आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली शिकार हा गुन्हाच आहे, जाळं लावणंही.

उंबरठा म्हणजे काय

संकटसमीप म्हणजे आज लगेच संपणार नाही, पण घसरण अशीच चालली तर पुढच्या यादीत जाईल. ती पुढची यादी 'असुरक्षित', मग 'संकटग्रस्त', मग 'अतिसंकटग्रस्त', आणि मग नामशेष. लाखांनी पक्षी असताना एवढी काळजी कशाला, असा प्रश्न येतो. उत्तर किनाऱ्यावरच्या इतर पक्ष्यांत आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये एकाच वेळी किनाऱ्यावरच्या अनेक पाहुण्या पक्ष्यांची श्रेणी बिघडली. ठाणे खाडीत येणारा कर्ल्यू सँडपायपर संकटसमीपवरून असुरक्षित यादीत गेला. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये कोरलचा बारीक चोचीचा भाऊबंद, स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू, अधिकृतपणे नामशेष जाहीर झाला. त्याचं शेवटचं पक्कं दर्शन 1995 साली मोरोक्कोच्या किनाऱ्यावर झालं होतं. एकेकाळी तोही थव्याने दिसायचा. वीण सायबेरियाच्या बाजूला, हिवाळा भूमध्य समुद्राकडे, मधल्या पाणथळी गेल्या, शिकार झाली, आणि लोकांचं लक्ष जाईपर्यंत पक्षी मोजायला उरले नाहीत.

आपल्याकडे येणारे पाणटिवळे मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येतात. हा मार्ग 30 देशांवरून जातो. स्थलांतरित प्राण्यांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 1983 पासून आहे आणि त्या कराराची परिषद फेब्रुवारी 2020 मध्ये गुजरातेत गांधीनगरला झाली. करार देशांचे असतात, भराव मात्र गावच्या हद्दीत पडतो.

पाहायचा असेल, कळवायचं असेल तर

पाहायला डिसेंबर ते मार्च बरा. ओहोटीला पक्षी लांब चिखलावर पांगलेले असतात, नुसत्या डोळ्याला ठिपके दिसतात. पाणी चढायला लागल्यापासूनचा दीड-दोन तासांचा वेळ साधावा. चिखल आकसत जातो तसे पक्षी काठाकडे सरकतात आणि थवा एकत्र येतो. मोबाईलमध्ये भरतीची वेळ पाहून निघावं. थव्याच्या दिशेने चालत जाऊ नये, ड्रोन तर अजिबात नको. एकदा उठलेला थवा दहा-दहा मिनिटं घिरट्या घालतो. कुत्रं सोबत आणू नये.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, 1987 पासून. त्यात शहरातल्या संस्था खाडीवर मोजतात, पण भिवंडी, कल्याण, शहापूर, मुरबाडकडची तळी, बंधारे, खाचरं बहुतेक राहून जातात. गावातला कुणीही तारीख, जागा आणि अंदाजे संख्या लिहून ई-बर्ड या मोफत ॲपवर टाकू शकतो. फोटो असेल तर उत्तम.

एखाद्या पक्ष्याच्या पायात धातूची कडी किंवा रंगीत प्लास्टिकची पट्टी दिसली तर ती काढायची नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ठाणे खाडीत पक्षी पकडून, कडी घालून सोडते. परदेशात कडी घातलेले पक्षीही इकडे येतात. पट्टीचा रंग, ती कोणत्या पायावर, गुडघ्याच्या वर की खाली, आणि त्यावरची अक्षरं एवढं टिपून मुंबईतल्या सोसायटीला कळवावं. जखमी पक्षी सापडला, कुणी जाळं लावलेलं दिसलं, तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे. रात्री खाडीकडेला भरावाचे डंपर रिकामे होत असतील तर गाडीचा नंबर, वेळ आणि जागेचं मोबाईल लोकेशन घेऊन तहसील कार्यालय आणि कांदळवन कक्ष दोन्हीकडे लेखी तक्रार द्यावी, आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही.